परगावचा धूर

ती मुलगी यंत्र घेऊन आमच्या फाटकापाशी उतरली तेव्हा आईला वाटलं, घरगुती आटाचक्की आली. दिसतही तसंच होतं ते. कमरेएवढी पत्र्याची पेटी, वर उतरतं छप्पर, खाली चार पाय, मागे लोंबणारी वायर. आईने लगेच विचारलं, "एका वेळी किती किलो दळते हे?"

मुलीला मराठी येत नव्हती. ती दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेतून आली होती आणि हिंदी पुस्तकातून शिकल्यासारखं, एकेक शब्द सावकाश ठेवत बोलायची. मीच आईला सांगितलं, "आई, हे दळत नाही. हे हवा ओढतं."

"अन् मंग करते काय त्या हवेचं?"

याचं उत्तर मिळायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं.

मी नेहरू नगरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवते. माझ्या कॉलेजच्या जुन्या सरांचा दिवाळीनंतर फोन आला होता. त्यांच्या ओळखीच्या या मुलीला भिलाईत एक छत हवं होतं. हायवेपासून आत, आजूबाजूला उंच इमारत नको, प्लग पॉइंट हवा, आणि मुख्य म्हणजे रोज सकाळी आठच्या ठोक्याला यंत्रातला फिल्टर बदलणारा, न चुकणारा माणूस हवा. सर म्हणाले, "छत कुठेही मिळेल. माणूस मिळत नाही." मी म्हटलं, "माणूस आहे माझ्याकडे."

माणूस म्हणजे माझे बाबा. त्यांची सगळी नोकरी इथल्या स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये झाली. तिथे दगडी कोळसा बंद भट्टीत हवेशिवाय भाजतात, त्याचा कोक होतो, आणि भाजताना जे बाहेर पडतं त्यातून डांबर, बेंझॉल, डांबरगोळीचं नॅप्थलीन असं काय काय निघतं. आम्ही सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा बाबा ड्यूटीवरून आले की आई त्यांना मागच्या दारी थांबवायची. त्यांच्या कपड्यांची बादली वेगळी, साबण वेगळा. पण त्याच नोकरीने त्यांना एक विद्या दिली होती. धूर कुठला हे ते वासावरून सांगायचे. डोळे मिटून सांगायचे. कचरा पेटला आहे की टायर, तव्यावर काही करपलं आहे की ट्रकचं इंजिन धापा टाकतं आहे. लहानपणी आम्हा भावंडांचा तो खेळ होता आणि बाबा त्यात कधी हरले नव्हते.

रिटायर झाल्यावर नेहरू नगरात घर बांधलं आणि बाबा रिकामे झाले. सकाळच्या पाळीची सवय जाईना. साडेचारला उठून बसायचे आणि उजाडण्याची वाट पाहायचे. त्यामुळे ती मुलगी जेव्हा म्हणाली, "अंकल, रोज एक ही टाइम पे करना पड़ेगा, संडे को भी," तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की आईने माझ्याकडे पाहून डोळे बारीक केले.

मुलीने दोन दिवस राहून त्यांना सगळं शिकवलं. फिल्टर म्हणजे पांढरा, कागदासारखा, पण काचेच्या जातीच्या धाग्यांचा गोल तुकडा. आधीच भट्टीत तापवून इतका स्वच्छ केलेला की त्यावर कशाचा अंशही नाही. हात धुवायचे ते बिनवासाच्या साबणाने. फिल्टर बोटाने धरायचा नाही, चिमट्याने उचलायचा. चोवीस तास हवा ओढून झाली की तो फॉइलमध्ये गुंडाळायचा, नंबर टाकायचा आणि फ्रीजरमध्ये ठेवायचा. त्याच्या मागे फोमचा एक तुकडा असायचा. धुरातले जे भाग वायू होऊन फिल्टरमधून निसटतात, ते त्या फोममध्ये अडकायचे.

महिन्यातून एकदा 'कोरा' नमुना घ्यायचा होता. म्हणजे फिल्टर लावायचा, यंत्र चालू करायचंच नाही, आणि तसाच काढून ठेवायचा. हाताळताना आपल्याकडूनच काही लागतं का, हे त्यावरून कळतं. बाबांना हे फार आवडलं. "म्हनजे ड्यूटीवर यायचं, सही मारायची अन् घरी जायचं," ते म्हणाले. मी भाषांतर केलं तशी ती मुलगी पहिल्यांदा मोठ्याने हसली.

जाताना तिने एक वही दिली. तारीख, सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, मीटरचा आकडा आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. जवळपास कुणी काही जाळलं, वीज गेली, असं काही असेल तर तिथे लिहा म्हणाली. बाबांनी वहीला पहिल्याच दिवशी खाकी कव्हर घातलं आणि वर लिहिलं, 'लॉगबुक'.

तिचा प्रश्न मला कळत होता, आणि मनापासून आवडलाही होता. लाकूड, पाला, डिझेल, कोळसा, काहीही अर्धवट जळलं की त्यातला कार्बन नाना रूपांनी हवेत जातो. कार्बनच्या कड्याला कडं जोडलेलं एक मोठं खानदानच आहे त्यात. डांबरगोळी ही त्या खानदानातली धाकटी, आपल्या कपाटात राहणारी. थोरली मंडळी जड. ती काजळीच्या कणावर बसून प्रवास करतात. मधली असतात ती ऊन लागलं की उडतात, गारवा लागला की कुठेतरी टेकतात, पुन्हा ऊन आलं की पुन्हा उडतात. असं करत करत ती शेकडो कोस जातात. भिलाईच्या हवेत भिलाईचं किती आणि बाहेरून आलेलं किती, हे तिला शोधायचं होतं. असंच दुसरं यंत्र तिने लांब, रायपूरच्या वाटेवरच्या कुम्हारीच्या एका शाळेच्या छतावर बसवलं होतं आणि तिथल्या चौकीदाराला काम शिकवलं होतं. दोन्हीकडे एकाच दिवशी एकसारखं काही सापडलं, तर ते आमच्या गल्लीतलं नाही, दुरून आलेलं, एवढा साधा हिशेब.

हे सगळं मी घरी समजावून सांगितलं. बाबा म्हणाले, "यासाठी मशीन कायले पाहिजे? मलेच विचारलं असतं."

आणि ते खरंच शेऱ्याच्या रकान्यात वास लिहू लागले. 'वारा उत्तरेचा. वास: कोळसा, आपल्या गावचा.' 'वास: डिझेल, हायवे.' 'मागच्या गल्लीत लग्न, तळण.' एका थंडीच्या सकाळी धुकं होतं, तरी त्यांनी लांब श्वास घेतला आणि ठाम अक्षरात लिहिलं, 'कसलाच वास नाही. आज हवा निर्मळ.'

छत मात्र आईच्या हातून गेलं. तुळशीपाशी उदबत्ती बंद. शेगडी बंद. आई जिना चढताना पुटपुटायची, "देवालेबी आता मशीनले विचारून धूप दाखवा." पण मुलीचा फोन आला की हीच आई स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची, "सब ठीक है बेटा, तुम्हारा मशीन खुश है!"

मग माघातला एक रविवार आला. बाजारात भरताची वांगी इतकी सुंदर आली होती की बाबांचा तोल गेला. शेगडी छतावर नको, पण मागच्या अंगणात काय हरकत, असं त्यांनी ठरवलं. निखारे केले, वांगी ठेवली, साल काळी पडून फुटायला लागली आणि तो वास घेता घेता त्यांनी वर पाहिलं. धुराची बारीक रेघ सरळ भिंतीवरून छतावर चालली होती. बाबा निखाऱ्यांवर पाणी ओतून धावत वर गेले. यंत्र इमानाने घुरघुरत होतं.

मी म्हटलं, "बाबा, एवढंसं काही होत नाही. कुणाला कळणार आहे?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा शाळेत गेले. "लॉगबुकात खोटं लिहिलं ना पोरी, तर पुढच्या शिफ्टचा मानूस मरते," ते म्हणाले. "तो बिचारा ते वाचून गॅसमंदी जाते." आणि त्यांनी लिहिलं: 'सकाळी अकरा ते सव्वाअकरा, वांग्याचे भरीत. चूक माझी.' खाली सही केली.

वांगी अर्धी कच्ची राहिली. आईने त्याची भाजी केली आणि ती सगळ्यांनी निमूटपणे खाल्ली.

होळीला दुसरा प्रसंग झाला, तो आईच्या वाट्याचा. तिने सणाच्या दोन दिवस आधी पुरणपोळ्या करून, फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या. बाबांचे फिल्टर खालच्या कप्प्यात, पोळ्या वरच्या. कुणीतरी मटारची पिशवी काढताना सगळं वरखाली केलं. होळीच्या दुपारी आईने तवा तापवला, तूप घेतलं, पुडकं उघडलं आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "अवो, हे पोळी कोनं जाळून ठेवली जी?"

तिच्या हातात गोल, पातळ, तपकिरी-काळा फिल्टर होता. तुपाच्या बोटांनी धरलेला. बाबा दारात उभे. मग ते वही घेऊन बसले आणि त्यांनी त्या तारखेसमोर लिहिलं: 'नमुना खराब. तुपाचा हात लागला.' आईने वाकून वाचलं. "माहं नाव टाकलं का?" "नाई." "बरं झालं," ती म्हणाली आणि खरी पोळी तव्यावर टाकली.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी तो धूर आला.

सकाळी मी उठले तर खिडकीबाहेरचं ऊन पिवळट-तांबूस. समोरची घरं दिसत होती, त्यापलीकडची पुसल्यासारखी. डोळे चुरचुरत होते. कॉलनीच्या बगिच्यापाशी सकाळी फिरायला येणारी मंडळी आज फिरत नव्हती, घोळका करून बोलत होती. त्यांच्या मध्यभागी आमचे शेजारचे काका. ते बँकेतून रिटायर झालेले, रायपूरच्या जुन्या मराठी घरातले, शुद्ध बोलणारे आणि अर्ज लिहिण्यात पटाईत. ते म्हणत होते, "हे प्लांटचं काम आहे. काल रात्री काहीतरी सोडलेलं आहे त्यांनी. आपण सगळ्यांनी सह्या करून एक निवेदन द्यायला हवं."

बाबा फिल्टर बदलून माझ्याबरोबर तिथे आले होते. त्यांनी डोळे मिटले, हवा ओढली. म्हणाले, "नाई जी. हा आपला धूर नाई."

"म्हणजे?"

"कोळशाचा नाई हा. पाला हाय. मोहाखालचा पाला. मी लहानपनी गावाकडं सोता पेटवत होतो, मले ओळखू येते ना. हा जंगलातून आला."

"जंगल?" काका हसले. "अहो, इथे जंगल कुठाय? शे-दीडशे किलोमीटर जा, मग लागेल."

"तेथूनच आला."

घोळक्यात दोघं-तिघं हसले. काका मग जरा तिखट बोलले. "तुमचं बरोबर आहे म्हणा. तुमच्या घराच्या भिंती त्याच पगारावर उभ्या आहेत. तुम्ही प्लांटच्या विरुद्ध कसं बोलणार?"

बाबा घराकडे वळले. मी त्यांच्या बाजूने चालत होते, पण खरं सांगायचं तर मनातून काकांच्या बाजूने होते. मलाही वाटलं, बत्तीस वर्षं जिथे घालवली त्या जागेची माया बोलते आहे. मी ते बोलले नाही, पण बाबांना समजलं असावं. कारण जिन्यात ते थांबून म्हणाले, "तूबी?"

मी म्हटलं, "बाबा, नाकावर कुणी विश्वास ठेवत नाही हो."

"मंग मशीन सांगल," ते म्हणाले आणि वर गेले. लिहिलं: 'वारा दक्षिणेचा. वास: मोहाचा पाला, लांबचा. प्लांट नाही.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी फिल्टर काढला तेव्हा तो चहाच्या रंगाचा झाला होता. त्यांनी कुम्हारीच्या चौकीदाराला फोन लावला. "आप का फिल्टर कैसा है भैया?" पलीकडून उत्तर आलं, "एकदम चाय हो गया है साहब." बाबांनी फोन ठेवला. आईला एवढंच म्हणाले, "कुम्हारीबी चहा." आणि दोन दिवसांत प्रथमच पोटभर जेवले.

एप्रिल संपताना मुलगी येऊन बर्फाच्या पेटीत सगळे फिल्टर, सगळे फोम आणि लॉगबुक घेऊन गेली. यंत्रही गेलं. छतावर त्याच्या चार पायांच्या जागी चार स्वच्छ चौकोन राहिले. आईने त्याच दिवशी तिथे पापड वाळत घातले. बाबा पुन्हा साडेचारला उठून उजाडण्याची वाट पाहू लागले.

काका आणि बाबा समोरासमोर आले की "काय म्हणता" एवढं व्हायचं. निवेदन गेलं की नाही ते आम्हाला कळलं नाही. तो धूर चार-पाच दिवसांत आपला आपण निघून गेला होता आणि लोकही विसरले होते. बाबा विसरले नव्हते.

गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात मुलगी लॅपटॉप आणि बाबांची वही घेऊन आली. बाबांनी मला सांगितलं, "बँकवाल्या काकाले बोलावून आन." मी म्हटलं, "आधी काय निघालंय ते तरी बघू." बाबा म्हणाले, "नाई. जे निघल ते त्यांच्या समोर निघू दे." काका आले. थोडे अवघडून, खुर्चीच्या टोकावर बसले.

मुलीने पहिल्यांदा जे पान उघडलं त्यावर एक आलेख होता. मध्येच एक उंच सुळका. "अंकल," ती म्हणाली, "ये आपका बैंगन है."

बाबा कानापर्यंत लाल झाले. तिने सांगितलं, हा सुळका पाहून ती चक्रावली असती, आठवडेच्या आठवडे शोधत बसली असती. पण शेऱ्यात वांगं होतं, वेळ होती, सही होती. "आपने ये लिखा, इसलिए मैंने बाकी सब पढ़ा," ती म्हणाली. तिने एका मैत्रिणीकडून सगळे शेरे हिंदीत करून घेतले होते. आणि नमुन्यांचे निकाल त्यांच्या शेजारी मांडले होते.

मग तिने मार्चचे ते दिवस काढले. लाकूड किंवा पाला जळला की त्यातल्या सेल्युलोजची एक साखर धुरात येते. दगडी कोळशाच्या धुरात ती येत नाही. त्या दिवशी आमच्याकडे ती साखर भरभरून होती, आणि कुम्हारीतही तशीच.

"धुरातबी साखर?" आई म्हणाली. "म्हनूनच म्हनते, आजकाल सगळ्यांले शुगर कावून होऊन राहिली."

हसू थांबल्यावर मुलीने नकाशा दाखवला. त्या सकाळी आमच्या छतावर असलेली हवा आदल्या दोन-तीन दिवसांत कुठून कुठून आली, त्याची उलटी वाट संगणकाने काढलेली होती. एक निळी रेघ आमच्या घरापासून निघून दक्षिणेकडे उतरत होती, कांकेरवरून, बस्तरच्या डोंगरांवरून, पार समुद्राच्या दिशेने. वाटेत लाल ठिपके होते. उपग्रहाला त्या दिवसांत दिसलेल्या आगी. निळी रेघ त्या लाल ठिपक्यांच्या मधून गेली होती.

बाबा चष्मा काढून पुसत राहिले. काका पुढे सरकून नकाशा पाहत होते. मग म्हणाले, "भिंतींचं बोललो होतो मी. ते चुकलं माझं."

"जाऊ द्या जी," बाबा म्हणाले. मग मुलीकडे वळून त्यांनी विचारलं, "और हमारा? हमारे गाँव का धुआँ कितना है? वो भी बताओ."

तिने तेही सरळ सांगितलं. हिवाळ्यात बरेच दिवस आमचंच होतं: कोळसा, ट्रक, चुली, पेटवलेला कचरा. वारा पडला की सगळं इथेच साचून राहायचं. बाबांच्या शेऱ्यातही तसंच लिहिलेलं होतं. काकांनी वहीचं ते पान दोनदा वाचलं. 'कोळसा, आपल्या गावचा.' म्हणाले, "तुम्ही तेव्हाही लिहिलं होतंत."

"असन तर लिहीन ना," बाबा म्हणाले.

पण मुलीचं संपलं नव्हतं. तिने जरा संकोचून आणखी एक दिवस काढला. थंडीतला, धुक्याचा. शेऱ्यात होतं, 'कसलाच वास नाही. आज हवा निर्मळ.' आणि निकालात तो सगळ्यात घाणेरड्या दिवसांपैकी एक होता. निळी रेघ या वेळी उत्तरेला गेली होती, गंगेकाठच्या मोठमोठ्या शहरांवरून. तिकडच्या लाखो गाड्यांचा, शेकोट्यांचा, कारखान्यांचा धूर कित्येक दिवस प्रवास करून आमच्याकडे आला होता. तिने समजावलं: वास येतो तो धुरातल्या हलक्या, चंचल भागाचा. लांबच्या प्रवासात ऊन त्याला मोडून टाकतं. राहतात ते बारीक कण, ऊन खाऊन बदललेले, कधीकधी आधीपेक्षा जास्त त्रासदायक. पण त्यांना वास उरत नाही.

मला वाटलं बाबांना लागलं. त्यांनी ते पान जवळ ओढलं, नाकाला बोट लावलं आणि हसायलाच लागले. आधी हळू, मग खांदे हलवून. "फेल!" ते म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा फेल! माह्या नाकासमोरून गेला अन् मले कळलंबी नाई!" आईने एवढ्या वर्षांत प्रथमच त्यांना कशात तरी हरलेलं पाहिलं आणि तिला इतका आनंद झाला की तिने सगळ्यांसाठी भजी तळायला घेतली. यंत्र नव्हतंच आता.

बाबांनी त्या संध्याकाळी ठरवलं की पुढच्या मोहाच्या हंगामात त्या निळ्या रेघेच्या वाटेने जाऊन यायचं. कुणाला पकडायला नाही. "पाव्हना आपल्या घरी येऊन गेला, त्याचं घर तर पाहू," म्हणाले. मी मनावर घेतलं नाही. पण काकांनी घेतलं. मार्चमध्ये त्यांनीच आठवण केली, त्यांच्याच गाडीने पहाटे निघालो. काका चालवत होते, बाबा पुढे, आई आणि मी मागे, मध्ये डबा.

कांकेरच्या पलीकडे मोठा रस्ता सोडून जंगलाकडे वळलो तेव्हा कोवळं ऊन होतं. काही अंतर गेल्यावर बाबांनी काच खाली केली आणि काकांना हात दाखवून थांबवलं. रस्त्यापासून जरा आत मोहाची चार-पाच झाडं होती. एका झाडाखाली राखेचा काळा गोल, दुसऱ्याखाली अजून धुमसणारा पाला. एक बाई टोपली घेऊन फुलं वेचत होती. पन्नाशीची, काटक, साडीचा पदर कमरेला खोचलेला.

आम्ही जवळ गेलो. तिने विचारलं, "कहां ले आए हव?" कुठून आलात?

बाबांना प्लांटमधल्या सोबत्यांमुळे छत्तीसगढी चांगली येते. म्हणाले, "भिलई ले."

"महुआ ले बर?" मोह घ्यायला?

"नहीं बाई. धुंगिया देखे बर."

धूर बघायला आलो, हे ऐकून तिने टोपली खाली ठेवली. बाबांनी तिला सगळं सांगितलं: यंत्र, वारा, गेल्या वर्षीचे ते दिवस, इथला धूर आमच्या छतापर्यंत कसा पोचला. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मोर धुंगिया तोर घर पहुना गे रिहिस?" माझा धूर तुझ्या घरी पाहुणा गेला होता? आणि मग, "चाय पियाय के नहीं ओला?" त्याला चहा तरी पाजलास की नाही? स्वतःच इतकी हसली की तिला झाडाला टेकावं लागलं.

काकांनी विचारलं, पाला जाळता कशाला? मी तिला छत्तीसगढी-हिंदीत विचारलं. तिने उत्तर दिलं नाही, खाली बोट दाखवलं. वाळलेल्या पानांचा गुडघाभर थर, आणि त्यात पडलेली फिकट पिवळी फुलं. वाकून, डोळे ताणून पाहिलं तरी मला चार-पाचच दिसली. ती म्हणाली, झाडून काढायचं तर एका झाडाला अर्धी सकाळ जाते, आणि तिची झाडं चौदा. पेटवलं की घटकाभरात जमीन साफ. कधी आग हातातून निसटून डोंगर चढते, तेव्हा तिलाही भीती वाटते.

तेव्हा आई म्हणाली, "आमीबी जाळत होतो. माह्या मायच्या घरी. मीच जात होती काडी घेऊन." आई मूळची भंडाऱ्याकडची. तिने हे मला कधी सांगितलं नव्हतं. तिने पदर खोचला, बाजूच्या झुडपाच्या चार डहाळ्या मोडून मूठ बांधली आणि न जाळलेल्या झाडाखाली झाडायला लागली. सराईत हाताने, फूल न चिरडता, पाला बाजूला ढकलत. बाबाही लागले. काका आधी बूट सांभाळत उभे होते, मग त्यांनीही एक डहाळी घेतली. मी पाल्याचे ढीग दूर नेऊन टाकत होते.

एक झाड स्वच्छ व्हायला आम्हा चौघांना तासाहून जास्त लागला. बाबांची कंबर धरली. काकांच्या शर्टाला घामाचे नकाशे उमटले. जमीन मात्र सारवल्यासारखी दिसत होती आणि आमच्या डोळ्यांदेखत वरून दोन फुलं टपटप पडली ती लांबूनही दिसली.

बाई पाहत उभी होती. म्हणाली, "बने हे. फेर चार झन लागथे. तेरा पेड़ अउ हे." छान झालं, पण चार माणसं लागतात. अजून तेरा झाडं आहेत. बाबा म्हणाले, साड्या जोडून झाडाखाली पाल्यावरच अंथरल्या तर? ती म्हणाली, एवढ्या साड्या कुठल्या? आई म्हणाली, "भिलाईत माह्या कपाटात हायत ना. कॉलनीतल्या बाया तर देऊन देऊन थकतील." काकांनी खिशातून पेन काढून गावाचं नाव लिहून घेतलं. अर्ज लिहिण्यात ते पटाईत होतेच. साड्या गोळा करण्यात त्याहून पटाईत निघाले, हे पुढे कळलं. चौदा झाडांना पुरतील एवढ्या मात्र आजवर झालेल्या नाहीत. गेल्या खेपेला सात झाडांखाली अंथरल्या होत्या.

त्या सकाळी बाईने आम्हाला तिच्या अंगणात नेलं, भाजलेली मोहफुलं तीळ घालून कुटली आणि पळसाच्या द्रोणात पुढे ठेवली. काकांनी जन्मात पहिल्यांदा मोह चाखला. आधी एक बोट, मग चिमूट. आई आणि ती बाई भाजायचं कसं, तीळ आधी की नंतर, यावरून दोन भाषांत वाद घालत होत्या आणि दोघींना एकमेकींचं सगळं समजत होतं. काकांनी तिसऱ्यांदा हात पुढे केला तेव्हा बाईने बोलणं न थांबवता द्रोणच उचलून त्यांच्यापुढे ठेवला.